अपयश सांगायचं कुणाला?



व्याख्यानाचा विषय ‘मराठी साहित्यातील अपयश’ असा छापलाय. मला त्यातलं एकच सांगायचंय. अपयशाची भीती ही मुळात लाजेची भीती असते, आणि कुणीतरी नीट विचारलं की ती लाज उतरते. मला हे तुकोबांनी शिकवलं.

गाथा बुडवल्याची कथा तुम्हाला पाठ आहे, ती सोडतो. मी बोलतोय त्याआधीच्या तुकोबांबद्दल, देहूच्या दुकानदाराबद्दल. घरी महाजनकी, सावकारी. 1630 च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, धंदा बसला, दिवाळं निघालं, थोरली बायको उपासमारीने गेली. एका अभंगात त्यांनी ही हकिगत स्वतःच सांगितली आहे. धंद्यात तूट येताना बघून जिवाला लाज वाटली, हेही सांगितलंय. पुढच्या रांगेत व्यापारी मंडळी आहेत. देणं थकलं की बाजारपेठ टाळून कुठल्या बोळातून घरी जायचं, हे त्यांना ठाऊक असेल! (हशा) पुढे लोकांना दिलेल्या कर्जाच्या खतांची वेळ आली. धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपली अर्धी खतं मागून घेतली, तुकोबांनी उरलेली अर्धी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. मला कान्होबांचा राग येत नाही. त्यांनाही घर चालवायचं होतं. त्या भावांमध्ये त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, यावर तासभर बोलता येईल...

मागून कुणी विचारतंय, ‘संतांना अपयशी म्हणता?’ नाही हो. तुकोबांना मी तसूभरही लहान करत नाही. धंदा बुडाल्याचे आणि लाजेचे शब्द त्यांचेच आहेत. आणि त्याच अभंगात ते म्हणतात, की हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. विचारलंत म्हणून! माझं सगळं व्याख्यान या एका गोष्टीवर उभं आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जयवंत दळवी राहिले, ‘नटसम्राट’ नाटक राहिलं. ‘कोसला’ ही कादंबरी मात्र सोडणार नाही. 1963 साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीतलाच पांडुरंग सांगवीकर उभा केला. तो पुण्यात शिकायला येतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, तो कारभार आतबट्ट्यात जातो, शेवटी हात हलवत गावी परततो. वडिलांशी त्याला धड बोलता येत नाही. वाचकाला मात्र तो सगळं सांगतो.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये आज असे कितीतरी पांडुरंग बसलेत. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं पूर्वपरीक्षेत नाव आलं नाही, आणि तो घरी फोनवर ‘निकाल लागायचाय’ एवढंच सांगत राहिला. त्याच्या टेबलावर अधिकारी झालेल्यांच्या यशोगाथांची चळत होती. त्यातलं एकही पुस्तक त्याला काही विचारत नव्हतं. मी त्याला ‘कोसला’ दिली. ती वाचून झाल्यावर त्याने वडिलांना खरं काय ते सांगितलं.

वेळ संपली. पालकांना हात जोडून विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाला विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नका.