मुलांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे?

(रत्नागिरी येथे विद्यार्थी व पालक यांच्या सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



वकिलाकडे लोक खटले घेऊन येतात. माझ्याकडे परीक्षा जवळ आली की मुले वह्या घेऊन येतात. इतिहास व नागरिकशास्त्र यांच्या गृहपाठाचे प्रश्न बहुधा दरवर्षी तेच असतात. आईबाप म्हणतात, “वकीलसाहेब, उत्तर सांगून टाका, पोर लिहून घेईल.” परंतु ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या अक्षराची बंदी होती, त्याच्या मुलाने उत्तर न समजता उतरून घ्यावे, हे मला पटत नाही. म्हणून आज तीन प्रश्न आपणापुढे मांडतो.

पहिला प्रश्न: महाडचा सत्याग्रह का झाला? मुले लिहितात, “पाण्यासाठी.” हे उत्तर अपुरे आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. हक्क कागदावर आला; तळ्यावर मात्र तो कोणी बजावू देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तो बजावला. विरोधकांनी त्याच वर्षी दिवाणी दावा लावला व अनादी वहिवाटीचा आधार घेतला. ती वहिवाट शाबीत झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे कोर्टात झुंजावे लागले! तेव्हा मुलांनो, उत्तर असे लिहा: “मान्य झालेला हक्क प्रत्यक्ष बजावण्यासाठी.”

दुसरा प्रश्न: विधेयक आणि कायदा यांत फरक काय? याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. खोत कुळांकडून वसूल करी व सरकारचा सारा भरी. या मधल्या सत्तेखाली कोकणातील कुळे भरडली गेली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. तरी ते विधेयक संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली. विधेयक म्हणजे सभागृहापुढील प्रस्ताव. सभागृहाने बहुमताने संमत केल्यावर व त्यास रीतसर मंजुरी मिळाल्यावर त्याचा कायदा होतो. बहुमत कोठून येते? आपल्या मतातून. म्हणून मत विकणारा माणूस आपल्या मुलाच्या हिताचा कायदाच विकत असतो.

तिसरा प्रश्न पुस्तकातला नाही. एका मुलीने वडिलांसमक्ष मला विचारले, “घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, असे आम्ही लिहितो. मग गावच्या विहिरीवर माझ्या आजीला बाजूला का थांबवतात?” बाप खाली मान घालून बसला. मी म्हणालो, “बाळ, कायद्यातला ‘नष्ट’ हा शब्द बातमी नव्हे, तो हुकूम आहे. हुकूम मोडणारा गुन्हेगार ठरतो.” त्या गुन्ह्याची शिक्षा सांगणारा कायदा १९५५ साली झाला, १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणे हा त्याखाली दखलपात्र गुन्हा आहे. पोलिसांनी फिर्याद नोंदवलीच पाहिजे. “तुम्ही बौद्ध झालात, आता तुमचे हक्क गेले,” अशी भीती कोणी घातली, तर १९९० सालच्या कायद्याकडे बोट दाखवा. त्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचा दर्जा दिला आहे.

दुसऱ्या दिवशी तो बाप एकटाच आला. म्हणाला, “साहेब, अर्ज कसा लिहायचा ते सांगा. सही मी करीन.”

बंधूंनो, मुलांच्या प्रश्नांना भिऊ नका. उत्तर येत नसेल तर “चल, दोघे मिळून शोधू,” असे म्हणा. खोटे उत्तर देऊ नका व प्रश्न दडपू नका. आपण शोधून दिलेले उत्तर वहीत तर राहीलच, पण उद्या विहिरीवरही उपयोगी पडेल.

जय भीम!