दहापैकी सात



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमचा विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले, 'नवे व्हिडिओ गेम आणि त्यांवरील समीक्षकांचे निवाडे'. चिटणीस क्षणभर थांबले आणि मोठ्या सौजन्याने म्हणाले, "हा विषय बालमेळाव्यासाठी ठेवावा का?" त्यांचा काही अपराध नाही. गेम म्हणजे पोरखेळ, आणि पोरखेळाची कसली समीक्षा, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. परंतु समोर बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांच्या घरी नुकत्याच परीक्षा संपल्या असतील आणि चार-पाच हजार रुपयांच्या एखाद्या गेमची मागणी जेवताना पुढे आली असेल. ती मंजूर करावी की नाही हे ठरविण्यापुरता का होईना, दूरदेशीच्या या समीक्षकांशी तुमचा संबंध आलेलाच आहे.

आमचा आला तो असा. एके संध्याकाळी आमच्या पुतण्याने मोबाइल आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, ब्याण्णव आहेत! एवढे मला दहावीला पण नव्हते." ब्याण्णव कशाचे, तर फ्रान्समधील माँपेलिए गावच्या एका लहानशा कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३' या गेमचे. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेतील 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट गेम म्हणून त्याचाच गौरव झाला. हे गुण कोणी दिले, कशाबद्दल दिले, आठ कापले ते का कापले, यांतले पुतण्यास काही ठाऊक नव्हते. गंमत पाहा, त्या गेमची कथाच मुळी आकड्याची आहे. एक चित्रकर्ती दर वर्षी एका प्रचंड शिळेवर एक आकडा रंगविते आणि त्या वयाची माणसे धूळ होऊन उडून जातात. आकडा पाहून हरखलेल्या आमच्या पुतण्यास ही कथा आम्हीच वाचून दाखविली. समीक्षेत ती पहिल्याच परिच्छेदात होती.

हा आकडा लिहिणाऱ्या माणसाचे काम आधी समजून घेऊ. नाटकाचा समीक्षक तीन तास खुर्चीत बसतो आणि शेजारचा प्रेक्षक पाहतो तोच प्रयोग पाहतो. गेमचे तसे नाही. मोठा गेम पुरा करावयास पन्नास-साठ, कधी शंभर तास लागतात. समीक्षक निष्णात खेळाडू असेल तर त्यास एक गेम दिसतो. आमच्यासारखा बोटे जड झालेला असेल तर पहिल्या राक्षसापाशीच त्याची समीक्षा आटोपते. तोच गेम महागड्या संगणकावर एक रूप दाखवितो, जुन्या कन्सोलवर दुसरे. शिवाय गेमची प्रत बहुधा प्रकाशकच विक्रीच्या काही दिवस आधी देतो, आणि ती अटी घालून: अमुक तारखेच्या अमुक वेळेपर्यंत तोंड उघडावयाचे नाही, कथेचा अमुक भाग सांगावयाचा नाही. मग समीक्षक रात्री जागून खेळतो, लिहितो आणि अगदी शेवटी एक आकडा टाकतो. वाचक आरंभ करतो तो तेथूनच, आणि पुष्कळदा तेथेच थांबतो.

ही प्रथा जुनी आहे. जपानात १९८६ साली निघालेल्या 'फामित्सु' या नियतकालिकात चार समीक्षक एकाच गेमला प्रत्येकी दहांपैकी गुण देत आले आहेत. चाळीसांपैकी चाळीस मिळविणारा पहिला गेम म्हणजे निन्टेन्डोचा १९९८ सालचा 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम'. तेथे निदान चार आकडे वेगवेगळे दिसतात. एकाने नऊ दिले आणि दुसऱ्याने सहा, तर या दोघांचे कोठे तरी बिनसले आहे एवढे कळते. २००१ साली अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' निघाले आणि त्याने ठिकठिकाणच्या समीक्षांचे गुण शंभराच्या मापात बसवून त्यांची सरासरी काढावयास आरंभ केला. कोणत्या समीक्षेस किती वजन द्यावयाचे हे गणित त्यांनी स्वतःपाशीच ठेविले आहे. पंगतीतल्या वीस जिभांची सरासरी काढून आमटी कशी होती ते कळेल काय? दहा जणांस ती तिखटजाळ लागली आणि दहा जणांस अळणी, तर सरासरीने ती बेताचीच ठरावयाची.

हसण्याजोगी गोष्ट येथवरच. २०१० साली 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा गेम निघाला. तो घडविणाऱ्या कॅलिफोर्नियातील 'ऑब्सिडियन' कंपनीशी झालेला व्यवहार असा होता की, कामाचा मोबदला ठरलेला आणि जादा रक्कम मिळेल ती मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तरच. गुण पडले ८४. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ साली ही गोष्ट स्वतःच उघड केली. ज्या समीक्षकाने कोठे तरी बसून आठाऐवजी साडेसात दिले असतील, त्यास आपण कोणाच्या ताटातला घास काढून घेत आहोत याची कल्पनाही नसेल. आणि कल्पना असती, तर त्याने आठ द्यावयास हवे होते काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. नको होते, असेच आम्हांस वाटते. त्याला साडेसातच दिसले असतील तर त्याने साडेसातच लिहावे. दोष त्या कराराकडे जातो. तथापि हे असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे, आणि ज्याची ती रक्कम बुडाली त्याच्या घरी जाऊन म्हणणे अवघड आहे, हेही आम्ही जाणतो.

आता आपण आमच्या मते या सगळ्या प्रकरणातल्या सर्वांत बोलक्या उदाहरणाकडे येऊ. पोलंडमधील 'सीडी प्रोजेक्ट रेड' या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आला. त्याची घोषणा झाली होती २०१२ साली. म्हणजे आठ वर्षे लोक वाट पाहत होते, आणि ८० लाख प्रतींची मागणी आगाऊच नोंदली गेली होती. समीक्षकांना आधी जी प्रत दिली ती फक्त संगणकावरची. आपण खेळताना टिपलेली दृश्ये परीक्षणात दाखविण्यासही विक्रीच्या दिवसापर्यंत मनाई होती. बहुतेकांनी भरघोस गुण दिले आणि सरासरी नव्वदीच्या आसपास गेली. दहा तारखेस ज्यांनी तो गेम आपल्या जुन्या प्लेस्टेशनवर किंवा एक्सबॉक्सवर चालविला, त्यांना माणसांचे चेहरे धूसर दिसू लागले, गाड्या हवेतून टपकू लागल्या आणि गेम मध्येच बंद पडू लागला. कंपनीने माफी मागितली. आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो तेथे पुन्हा दिसला २०२१ च्या जूनमध्ये.

या समीक्षकांना कोणी खोटारडे म्हणेल. ते खोटे बोलले नाहीत. त्यांना दिलेल्या प्रतीविषयी त्यांनी खरेच लिहिले, आणि पुष्कळांनी 'आम्ही संगणकावरच खेळलो' असे नमूदही केले. पण हे वाक्य मजकुरात राहिले आणि नव्वदीचा आकडा एकटाच बाजारात हिंडला. जी प्रत लक्षावधी लोक विकत घेणार होते ती समीक्षकांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती. एवढी एक गोष्ट त्यांनी पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत लिहावयास हवी होती, ही आमची त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे.

त्या गर्दीत 'गेमस्पॉट'च्या एका समीक्षिकेने दहापैकी सात दिले. या गेमचे जग दिसावयास भव्य आहे पण आतून उथळ आहे आणि चुका फार आहेत, असा तिचा अभिप्राय होता. सात म्हणजे आपल्या हिशेबी पहिला वर्ग! परंतु त्या सातावरून तिच्यावर जो शिव्यांचा वर्षाव झाला तो गेम विक्रीस येण्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात घ्या. शिव्या देणाऱ्यांनी तो पाहिलाही नव्हता. 'गेम इन्फॉर्मर'मधील दुसऱ्या एका समीक्षिकेस अपस्माराचा विकार होता. गेममध्ये दुसऱ्याची स्मृती डोक्यात उतरविण्याचे एक यंत्र आहे. त्याच्या लाल-पांढऱ्या दिव्यांच्या उघडझापीने तिला खेळताना झटका आला, आणि असा विकार असणाऱ्यांनी जपावे म्हणून तिने इशारा लिहिला. कंपनीने तो मानला, सूचना घातली आणि ते दृश्यही बदलले. पण काही लोकांनी तिला मुद्दाम झटका यावा अशीच लखलखती चित्रे पाठविली. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस खरे वाटेना. आवडत्या नटाची निंदा केली म्हणून समीक्षकाशी भांडणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. पण इशारा देणाऱ्याच्याच जिवावर उठणारा रसिक हा निराळा प्राणी आहे.

पुढे हाच गेम सुधारला. २०२३ च्या सप्टेंबरात त्यास मोठे अपडेट व नवा भाग मिळाला आणि पूर्वी नावे ठेवणारेही त्यास चांगला म्हणू लागले. ब्रिटनमधील 'हॅलो गेम्स'च्या २०१६ सालच्या 'नो मॅन्स स्काय'चे असेच झाले. पहिल्या महिन्यात लोकांनी झिडकारलेला तो गेम फुकट अपडेट मिळत मिळत वर आला. नाटकही पहिल्या प्रयोगात अडखळते आणि पन्नासाव्यात रंगते, हे आपणास नवे नाही. पण पहिल्या प्रयोगास तिकिटाचे पूर्ण पैसे घेतले असतील, तर त्या रात्रीचा निवाडा त्या रात्रीपुरता खराच राहतो. खाली तारीख असली म्हणजे झाले.

मालकांकडूनही दडपण येते. २००७ साली याच गेमस्पॉटमध्ये जेफ गर्स्टमन या समीक्षकाने 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा दिले, तेव्हा त्याच गेमच्या जाहिराती त्या पानांवर झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. असे दडपण आपल्या वृत्तपत्रवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, म्हणून त्यावर आम्ही अधिक बोलत नाही.

मग समीक्षकांस वगळून थेट जनतेस विचारावे, असे कोणी म्हणेल. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' निघाला. समीक्षकांची सरासरी नव्वदीच्या वर होती. गेम वीसेक तासांहून मोठा. पण विक्री सुरू होऊन काही तास झाले नाहीत तोच हजारो लोकांनी मेटाक्रिटिकवर त्यास शून्य गुण देऊन टाकले. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकला नियम करावा लागला की, गेम निघाल्यापासून ३६ तास लोकांनी गुण देऊ नयेत.

तरीही जनतेचा प्रत्येक कल्लोळ पोकळ असतो असे आम्ही म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील 'टीम चेरी' ही मूठभर माणसांची कंपनी. त्यांचा 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. त्यांनी समीक्षकांना आगाऊ प्रती दिल्याच नाहीत. ज्या लोकांनी पैसे देऊन आम्हांस उभे केले त्यांच्याआधी समीक्षकांनी खेळावे हे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस हे सरळ वाटते. निदान समीक्षक आणि गिऱ्हाईक एकाच रांगेत उभे राहिले. स्टीम या दुकानावर लोकांनी गेमची तोंड भरून स्तुती केली, आणि त्याच वेळी चिनी भाषेतले अभिप्राय मात्र बहुतांशी प्रतिकूल पडले. स्टीमने त्याच ऑगस्टपासून भाषावार अभिप्राय वेगळे दाखवावयास सुरुवात केली होती म्हणून हे उठून दिसले; एरवी तेही सरासरीत बुडाले असते. गाऱ्हाणे गेमविषयी नव्हते, भाषांतराविषयी होते. मूळच्या साध्या, उदास वाक्यांना भाषांतरात जुनाट आणि अलंकारिक पोशाख चढविला गेला, असे चिनी खेळाडू सांगत होते. ज्यांनी आपल्याकडे अनुवादित नाटकातला नोकर संस्कृत नाटकातल्या राजासारखा बोलताना ऐकला आहे, त्यांस हे दुःख कळेल. कंपनीने तक्रार मान्य केली आणि भाषांतर सुधारण्याचे आश्वासन दिले.

शेवटी घरची गोष्ट. पुण्यातील 'नोडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी, पाठीशी दुर्गा, आणि तिची कथा सांगावयास विष्णू. लोकवर्गणीचा प्रयत्न आधी एकदा फसलेला असताना या मंडळींनी तो पुरा केला. परदेशी समीक्षकांनी त्यातील चित्रकला, किल्ले-महाल आणि संगीत यांची वाखाणणी केली. मारामारीत हाताला सफाई लागत नाही म्हणाले, आणि कथा एकाएकी तुटते असेही कित्येकांनी लिहिले. पुण्यात घडलेली ही गोष्ट प्रथम इंग्रजीतच बोलली; हिंदी आवाज मागाहूनच्या आवृत्तीत आले.

आम्ही तो खेळलो, आणि आमच्या ऊर भरून आलेल्या अवस्थेत एका स्नेह्यास त्याविषयी अर्धा तास सांगितले. चित्रे सांगितली, दुर्गा सांगितली, पुणे तर दोनदा सांगितले. त्याने तो त्याच रात्री विकत घेतला. आठवड्याने रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "छान आहे. मुलीला फार आवडला." मग थोडे थांबून म्हणाला, "पण तो मध्येच संपतो, हे तुम्ही बोलला नाहीत."