फाटकावरचा दिवा



युनियनचा माणूस उभा राहिला की पगार-बोनसाचेच बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आज आम्ही दिव्याविषयी बोलणार आहो.

फर्दापूर हे पूर्वापार मुक्कामाचे गाव. मोगल अमदानीतली सराई त्याची साक्ष आहे. आता सराईचे काम हॉटेले नि ढाबे करतात. लेणी पाहावयास येणारा फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चारएक किलोमीटर बसने जातो. पाहुणा रात्री खोलीत निजतो; पण भांडी घासून अकराच्या सुमारास सायकलीवर घरी निघणारा माणूस जळगाव रस्त्यावर येतो, आणि ट्रकवाल्याला ते फाटक दिसतच नाही.

अशा एका ठिकाणी पुढच्या दाराला रोषणाई आणि कामगारांच्या मागच्या दाराला काळोख होता. आम्ही दिवा मागितला. मालक म्हणाले, "वायर ओढायची, बिल भरायचे, कोणी सांगितले आहे?" आम्ही म्हटले, सोलरचा लावा; वायर नको नि बिलही नको.

आम्ही काही इंजिनिअर नव्हे, वाचून शिकलो. १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखविला, तो पडलेल्या उन्हातले सुमारे ६ टक्केच विजेत उतरवी. आजच्या चांगल्या प्लेटा २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत, आणि एलईडीला वीजही थोडी लागते. आपल्याकडे प्लेट दक्षिणेला तोंड करून सुमारे २० अंश कलती बसवावी. दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की, आभाळ भरलेले असता बॅटरी किती रात्री टिकेल? तीन म्हणाला तर घ्यावी.

मात्र आवार आपले असले तरी उजेड सरकारी रस्त्यावर पडतो. तेथे लाल-हिरवे दिवे टांगू नयेत. सिग्नलसारखी दिसून चालकाला फसवणारी किंवा त्याचे लक्ष विचलित करणारी खूण पोलीस अधीक्षकांना काढून टाकता येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११६ व्या कलमात तशी तरतूद आहे. आतल्या वाटेवर बुटके, खाली उजेड टाकणारे दिवे खुशाल लावा. रस्त्याकडे तोंड करून लुकलुकणारा पिवळा दिवा हवा असेल, तर आधी बांधकाम खात्याला नि पोलिसांना विचारा. समोरच्याचे डोळे दिपवणारा दिवा अंधाराइतकाच वाईट!

तर, मालकांनी दिवा लावला. दिवाळीच्या सुमारास तो विझला. दिवा वाईट म्हणून मालक आमच्यावर हसले. आम्ही शिडी लावून वर पाहिले, तो प्लेटेवर बोटभर धूळ, कावळ्यांची घाण आणि दुपारनंतर निंबाची सावली! पुसण्याचे काम कोणाचे, हे कोणीच ठरविले नव्हते. पुढच्या बैठकीत आम्ही ते लिहून घेतले: दर सोमवारी, लेणी बंद असतात त्या दिवशी, एकाने प्लेट पुसावी, आणि तो वेळ कामाच्या तासांत धरावा. पहिल्या बाबीला मालक लगेच हो म्हणाले. दुसरीला दोन बैठका लागल्या. निंबाची फांदी आम्हीच छाटली.