लिहायला म्हणून घराबाहेर

(लिहू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)

मला इथं लेखिका म्हणून बोलावलंय. हा शब्द ऐकला की मी अजून मागं वळून बघते, आपल्या मागं दुसरी कोणी उभी आहे का म्हणून. वीस-बावीस वर्षं मी संघटनेचं काम करते आहे. त्या काळात लिहिलं पुष्कळ. अहवाल लिहिले, निवेदनं लिहिली, तहसीलदारांना अर्ज लिहिले, बायकांच्या तक्रारी त्यांच्या तोंडून ऐकून कागदावर उतरवून दिल्या. पण याला लिहिणं म्हणतात असं मला कधी वाटलं नाही. कारण त्यात 'मी' हा शब्दच नव्हता. 'असे निदर्शनास आले', 'महिलांनी आपली व्यथा मांडली', असं सगळं. महिला म्हणजे कोण, तर दुसऱ्या.

हा 'मी' माझ्या वहीत कसा आला, ते सांगायला मी उभी आहे. तो घरात बसून आला नाही. त्यासाठी मला तीन एसट्या बदलाव्या लागल्या.

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. फलटणजवळच्या एका गावात, शाळेच्या दोन खोल्यांत, लिहिणाऱ्या बायका शनिवार-रविवार जमणार होत्या. एका मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, 'ये. वही घेऊन ये.' मी केज तालुक्यातली. कळंब, बार्शी, अकलूज अशा गाड्या बदलत जायचं म्हणजे जायचा दिवस सगळा रस्त्यातच जाणार. घरी सांगितलं, 'मीटिंग आहे.'

खोटं बोलले. मोर्चाला जाते, शिबिराला जाते, एखाद्या बाईबरोबर कोर्टात जाते, हे आमच्या घरात आता चालतं. चालतं म्हणजे भांडून भांडून चालवून घेतलंय. पण 'लिहायला जाते' म्हणाले असते, तर प्रश्न आला असता, 'का, घरात पेन नाही?' आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्या बाईसाठी घर सोडून जाण्याचं कारण मला देता येत होतं. स्वतःसाठी जाण्याचं कारण तोंडातून निघत नव्हतं. आणि मी गावोगाव बायकांना सांगत फिरते की स्वतःसाठी वेळ काढा!

त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. कंडक्टरनं तिकीट हातात दिलं आणि माझ्या लक्षात आलं, स्वतःच्या कामासाठी काढलेलं आपलं हे पहिलंच तिकीट. एरवी मी तिकिटं जपून ठेवते, प्रवासखर्चाच्या कागदाला टाचायला. हे कुठं टाचायचं? वहीत ठेवलं. अजून आहे.

फलटण जवळ आलं तशी मला बेबीताई कांबळेंची आठवण आली. फलटण हे त्यांचं गाव. तिथं त्यांचं छोटंसं दुकान होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. नवऱ्याच्या, घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून जवळजवळ वीस वर्षं त्यांनी ते लपवलं. पुढं फलटणमध्येच राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या पाहण्यात ते आलं आणि हे छापलं पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं, १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आज ते इंग्रजीतही वाचलं जातं. बेबीताईंकडं सांगायला काही कमी नव्हतं, हिंमतही कमी नव्हती. वीस वर्षं कमी होती ती एक वाचणारी.

त्या शाळेत आम्ही चौदाजणी होतो. एक माण तालुक्यातली अंगणवाडीसेविका होती, एक निवृत्त नर्सबाई, दोघी-तिघी शिक्षिका, एक कॉलेजातली मुलगी. ती मोबाईलवर बोलून लिहायची, कारण घरात वही कुणाच्याही हाती लागते आणि मोबाईलला कुलूप असतं. मी हा फरक ऐकून गप्पच झाले. बेबीताईंच्या वह्या आणि या पोरीचा मोबाईल, दोन्हीकडं लपवणं तेच.

संध्याकाळी वाचन सुरू झालं. तिथं एक नियम होता. वाचून झाल्यावर 'छान' म्हणायचं नाही. कुठलं वाक्य मनात राहिलं ते सांगायचं आणि कुठं अडलं ते विचारायचं. माझी पाळी आली. मी नेलं होतं ते हक्कसोडपत्रावर होतं. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, तरी भाऊ बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन सही घेतात, मग फेरफार होतो आणि ७/१२ वरून बहिणीचं नाव जातं, यासाठी जागृतीची आवश्यकता आहे, वगैरे. यावर मी पन्नास गावांत बोललेय. एका दमात वाचलं.

कुणीच बोलेना. मग ती अंगणवाडीची बाई म्हणाली, 'ताई, माहिती चांगली दिली. पण यात तुम्ही कुठायसा? तुम्ही केली का सही?'

मैत्रिणींनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सभेत विचारत नाहीत. व्यासपीठावरच्या बाईनं सही केली असेल असं कुणाला वाटत नाही.

मी म्हणाले, 'केली.'

२००७ साली केली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ मोटरसायकल घेऊन न्यायला आला. वहिनीनं पुरणपोळी केली, नवी साडी नेसवली. कचेरीत भावानं बाकावर जागा करून दिली, 'ताई, दमलीस का' म्हणून चहा आणला. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. कायदा मला पाठ होता. पेन हातात घेतलं तेव्हा एवढंच मनात होतं, की नाही म्हणाले तर पुन्हा या घरी आईला भेटायला कुठल्या तोंडानं येऊ? सही केली. साडी अजून पेटीत आहे, एकदाही नेसले नाही. आणि पुढच्याच महिन्यात एका गावात 'सही करू नका' म्हणून भाषण केलं. टाळ्या पडल्या.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं. मला वाटलं, आता या म्हणतील, कसली कार्यकर्ती ही. पण कोपऱ्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, 'मी पण केलीय. मला साडी नाही, नारळ दिला.' मग एकेक बोलायला लागली. चौदांपैकी नऊजणींनी सही केलेली निघाली. एकीला तर आपण कशावर सही केली हे दोन वर्षांनी कळलं. आम्ही हसलो, रडलो. रात्रीचा एक वाजला. आणि शेवटी ती अंगणवाडीची बाई म्हणाली, 'ताई, आता जे बोललीस ना, ते लिही. अहवाल नको.'

सकाळी शाळेच्या पायरीवर बसून मी चार पानं लिहिली. पहिलं वाक्य 'मी' पासून सुरू झालं.

परतीच्या गाडीत मी ताराबाई शिंद्यांचा विचार करत होते. बुलढाण्याच्या या बाईनं १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. टीका झाली. जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण त्यांचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही, आणि जे आलं तेही विस्मरणात जाऊन १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. मला वाटतं, बुलढाण्यात त्यांच्या शेजारी बसून 'बाई, पुढं काय लिहिलंत?' असं विचारणाऱ्या चार बायका असत्या तर? घरात पेन नाही का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या गाडीत मिळालं. पेन होतं. प्रश्न विचारणारी बाई घरात नव्हती.

आता पुढचं सांगते, कारण उत्तेजन मिळालं आणि सगळं गोड झालं असं काही नसतं. ती चार पानं वाढून चौदा झाली. दर रविवारी रात्री नऊला अंगणवाडीच्या बाईचा फोन, 'किती झालं?' तिच्या भीतीनं लिहायचे. छापायला देण्याआधी मी ती पानं भावाला पाठवली. त्याच्या पाठीमागं लिहायचं नव्हतं. त्यानं वाचलं, फोन केला नाही. २०२४च्या भाऊबीजेला आला नाही. ते मला फार लागलं. ज्या भीतीनं २००७ साली सही केली, तेच सतरा वर्षांनी झालं. मग वहिनीचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, 'ताई, मी पण माझ्या माहेरी सही केलीय. माझंबी लिहा.' मी म्हटलं, 'मी नाही लिहिणार. तू लिही. मी वाचते.' पुढच्या वर्षी भाऊ आला. त्या विषयावर बोलला नाही. जेवला, ओवाळून घेतलं, गेला. एवढ्यावर आहे.

लिहिल्यानं जमीन परत मिळाली नाही, मिळणारही नाही. पण आता गावात सभा घेते तेव्हा मी आधी माझी सही सांगते. मग बायका कायद्याचे कलम विचारत नाहीत. 'आईला कसं तोंड द्यायचं' हे विचारतात. खरी अडचण तिथंच असते. ती आमच्या अहवालांत इतकी वर्षं आलीच नव्हती.

संघटनांमधल्या मैत्रिणींना माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, कार्यकर्तीला वर्षातून एकदा तरी लिहिण्यासाठी प्रवासखर्च द्या, आणि तिकिटावर कारण 'लेखन' असंच लिहा. दोन, अशा ठिकाणी लहान मुलं सांभाळायची सोय करा, नाहीतर फक्त माझ्यासारख्या, पोरं मोठी झालेल्या येतील. तीन, प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक कोरं पान ठेवा, 'यात मी कुठे आहे' एवढंच लिहायला. छापू नका हवं तर. पण कुणीतरी वाचा.

मोठ्या संमेलनांकडं आपण डोळे लावून बसू नये. २०२५च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं झाली, त्यांत अध्यक्षपदी सहा बायका. तो हिशेब आपण मागत राहूच. पण शाळेच्या दोन खोल्या आणि चौदा बायका हे आपल्या हातात आहे.

आज इथं येताना मी घरी सांगितलं, 'लिहिणाऱ्या बायकांना भेटायला चालले.' कुणी काही बोललं नाही. डबा मात्र माझा मलाच भरावा लागला. तुमच्यातल्या किती जणी आज 'मीटिंग आहे' सांगून आल्यात, ते मी विचारत नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा खरं कारण सांगून या.