विषुववृत्तावरचं मुंडण

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी बजावलंय, 'कॅप्टनसाहेब, समुद्राचं काही सांगा, पण अर्ध्या तासात आटपा. मागं पुऱ्या तळायला घेतल्यात.' तेव्हा प्रास्ताविक नको. पंचवीस वर्षांपूर्वी या प्लॉटांवर पहिली बोअर घेतली तेव्हा नुसता फुफाटा उडाला होता, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. अशा गावात समुद्राची गोष्ट सांगायची म्हणजे जरा धाडसच आहे.

मी गेवराई तालुक्यातला. पोहायला शिकलो आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्या विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा राहिला नव्हता. माय-अण्णा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. माझ्या धाकट्या भावाला अजून पोहता येत नाही, कारण त्याच्या शिकायच्या वयात विहिरीत पाणीच नव्हतं.

१९७८ साली मी मुंबईला 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर कॅडेट म्हणून दाखल झालो. आधी १९२७ पासून तिथं 'डफरिन' होतं, १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र'नं घेतली, आणि १९९३ पासून ते शिक्षण नेरूळला 'चाणक्य'मध्ये, जमिनीवर चालतं. आमच्या वेळी मात्र शाळा, वसतिगृह, मैदान सगळं त्या जहाजावरच. बंदरात उभं असलेलं जहाज, आणि त्यावर आम्ही पोरं. पहाटे बिगुल वाजायचा. मग डेक घासायचा, वल्ही मारायची, झेंड्यांची भाषा, मोर्सचं कट्ट-कडकट्ट, आणि दोरखंडाच्या गाठी. गाठींमध्ये मात्र मी पहिला यायचो. खुंट्याला दावं बांधायची जी गाठ आपण पाचव्या वर्षी शिकतो, जवळजवळ तीच गाठ तिथं 'क्लोव्ह हिच' म्हणून शिकवत होते! इंग्रजीत आणि काट्याचमच्यात मात्र माझी पार दैना झाली. ते जाऊ द्या.

१९८० साली पहिल्यांदा खऱ्या समुद्रावर निघालो. मालवाहू जहाज, मुंबई ते मोंबासा. मोंबासा विषुववृत्ताच्या चार अंश दक्षिणेला आहे, म्हणजे वाटेत ती रेघ ओलांडावीच लागते.

लेकरांनो, आता एक करा. हात लांब करा आणि मूठ धरा. एक मूठ म्हणजे आकाशात साधारण दहा अंश. आज रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी वर मोजा, त्याच्या किंचित खाली ध्रुवतारा सापडेल. बीड १९ अक्षांशावर, म्हणून ध्रुव १९ अंश वर. जहाज दक्षिणेला जाऊ लागलं की रोज रात्री तो खाली येतो. लहानपणापासून ऐकलेलं, की ध्रुव अढळ असतो. आणि मी सेक्स्टंट डोळ्याला लावून त्याला बुडताना बघत होतो. पाच-सहा अंशांवर आलो तेव्हा क्षितिजावरच्या धुरकटीत तो दिसेनासाच झाला. निरक्ष देशात दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकलेले असतात, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. त्यांचं विज्जलवीड म्हणजे आपलं बीडच, असं काही अभ्यासक म्हणतात. पाटणादेवीकडचे लोक ते मान्य करणार नाहीत, पण व्यासपीठ आज माझ्याकडे आहे.

सहाव्या दिवशी सकाळी रेघ ओलांडली. डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेच पाणी, तेच ऊन. पण जहाजावर त्या दिवशी कोर्ट भरतं. समुद्राचा राजा नेपच्यून जहाजावर येतो आणि जे पहिल्यांदाच रेघ ओलांडतायत त्यांचा न्यायनिवाडा करतो. शेकडो वर्षांची खलाशांची रीत आहे ही. चार्ल्स डार्विनसुद्धा सुटला नव्हता. १७ फेब्रुवारी १८३२ ला 'बीगल' जहाजावर त्याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासून लोखंडी पट्टीनं खरडलं आणि पाण्यात उलटा टाकला.

आमचा नेपच्यून म्हणजे जहाजाचा सारंग, रत्नागिरीकडचा साठीला आलेला माणूस. दोरखंड उसवून दाढी केलेली, हातात रंगवलेला त्रिशूळ. राणी झाला होता एक टिंडेल, केबिनच्या पडद्याची साडी नेसून. पण हे सोंग चढवायच्या आधी, पहाटे कुणी नसताना, सारंगानं कठड्याजवळ उभं राहून एक नारळ पाण्यात सोडला होता. मी वॉचवर होतो म्हणून दिसलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही.

कोर्टात माझ्यावर आरोप काय, तर 'नांगर टाका म्हटलं की हा पोरगा बैल शोधतो.' गुन्हा शाबित! वैद्यानं लाल तिखट आणि व्हिनेगर पाजलं. बीडच्या पोराला तिखटाचं काय, मी अजून थोडं मागितलं. मग न्हाव्यानं लाकडी वस्तरा नाचवत खऱ्या कात्रीनं डोक्याची अशी दशा केली की संध्याकाळी सगळंच भादरावं लागलं. शेवटी हॅचवर ताडपत्रीचा हौद केला होता, समुद्राच्या पाण्यानं भरलेला. त्यात तीन बुचकळ्या. वर आलो तेव्हा माझं नाव ठेवलं, 'बोंबील'. त्या नावाचा सहीशिक्क्याचा दाखला मिळाला. तो सांभाळून ठेवायचा, नाहीतर पुढच्या वेळी परत सगळं.

माझ्यानंतर भंडाऱ्याच्या हाताखालचं एक पोरगं होतं. त्याला पाण्याची भीती. ते नको नको म्हणत होतं आणि आम्ही हसत होतो. मीसुद्धा, तेही सगळ्यात मोठ्यानं, कारण माझं झालं होतं ना. दुसऱ्या बुचकळीनंतर ते वर आलं नाही. सारंगानं त्रिशूळ फेकला आणि दाढीसकट हौदात उडी घेतली. पोरगं वाचलं. पण त्या रात्री जेवताना कुणी बोललं नाही, आणि सारंग मोंबासापर्यंत आमच्याशी बोलला नाही. पुढं मी कॅप्टन झालो तेव्हा कोर्ट बंद केलं नाही. पण ज्याला नको त्याला हौद नाही, आणि दाखला सगळ्यांना, एवढं पाळलं. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आला १९९९ मध्ये. मला ते १९८० मध्ये कळायला हवं होतं.

मोंबासाहून गोटा केलेल्या डोक्याचा फोटो मोठ्या हौसेनं घरी धाडला. तिकडं काय झालं ते नंतर कळलं. मायनं फोटो बघितला आणि हंबरडाच फोडला. बाप जिवंत असताना पोरानं मुंडण केलं! शेजारपाजार गोळा झाला. अण्णा ओट्यावर तंबाखू मळत बसलेले, ते म्हणाले म्हणे, 'अगं, मी हितंच बसलोय की!' मग त्यांनी गुरुजींकडून मला पत्र लिहवून घेतलं. दोनच ओळी: 'केस कुणासाठी काढलेस ते कळव. तुझी माय जेवत नाही.' मी चार पानं लिहिली. नेपच्यून कोण ते समजावताना घाम फुटला. शेवटी लिहिलं, समुद्राचा म्हसोबा आहे, त्याला केस दिले. ते पटलं.

१९८६ मध्ये अण्णा गेले. मी तेव्हा दक्षिण गोलार्धात होतो. रेडिओ ऑफिसरनं निरोपाचा कागद आणून दिला तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. पुढचं बंदर नऊ दिवसांवर. अग्नी धाकट्यानं दिला. मी केबिनमध्ये आरशासमोर बसून स्वतःच्या हातानं डोकं भादरलं. खालाशी बघायचे आणि वाट सोडून बाजूला व्हायचे. घरी पोहोचलो चार महिन्यांनी. मायनं डोक्यावरून हात फिरवला. केस परत आले होते. ती म्हणाली, 'तू काढलेच नाहीस का रे?'

इथले पालक विचारतात, पोराला मर्चंट नेव्हीत धाडू का? धाडा, पोरीलाही धाडा. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, विषुववृत्त दोनदा ओलांडून. फक्त एजंटाच्या हातात लाखाची पुडकी देऊ नका. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का ते आधी बघा. आणि मी आत्ता मायचं जे सांगितलं, तेही घरात बोलून घ्या.

पुऱ्यांचा वास यायला लागला. बोंबलाचा तो दाखला आमच्या हॉलमध्ये लावलाय, अण्णांच्या फोटोशेजारी. बी विंग, दुसरा मजला. लेकरांनी कधीही या, गाठी शिकवतो.