हंसाच्या पिलाचे आईपण

हंस म्हटला की सरस्वतीचे वाहन डोळ्यांपुढे उभे राहते, मानससरोवराचे पाणी दिसते आणि दूध व पाणी वेगळे करणारी ती सुप्रसिद्ध चोच आठवते. टोपलीत घालून घरी आणलेले दोन दिवसांचे पिल्लू असा कसलाही निवाडा करीत नाही. ते पाणी सांडते, त्यात दाणे कालवते आणि सारी टोपली ओलीचिंब करून ठेवते. मऊ लवीचा एक गोळा, अंगाच्या मानाने मोठे पाय आणि सदैव काही विचारीत असल्यासारखा बारीक आवाज, एवढेच त्याचे वैभव. मुले दिवसभर त्याच्याभोवती असतात. रात्र होते, मुले निजायला जातात आणि पिल्लू रडू लागते. दाणापाणी पुढे असते, ऊबही असते. तरी ते रडतच राहते. ‘रडेल आणि गप्प बसेल,’ असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळी दिवा मालवतात.

ते का रडते, हे ऑस्ट्रियातील एका शास्त्रज्ञाने स्वतःची झोप मोडून पाहिले. कोन्राड लोरेन्झ (१९०३–१९८९) हे त्यांचे नाव. व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्ग या गावी ते राहत. युरोपातील पाळीव हंस ज्या करड्या रानहंसापासून निपजले, त्याच जातीची अंडी त्यांनी उबवावयास ठेवली होती. एका अंड्यातून पिल्लू बाहेर आले आणि अंगावरची लव वाळेपर्यंत ते लोरेन्झ यांच्याजवळच राहिले. त्याने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिले. ते हलले, बोलले, तशी त्याने मान लांब करून आपल्या परीने नमस्कार केला. पुढे लोरेन्झ यांनी ते एका पाळीव हंसिणीच्या पोटाखाली सरकवले आणि ते निघाले. पिल्लू तेथून बाहेर आले आणि आक्रोश करीत, धडपडत त्यांच्यामागे धावले. आई कोण, हे त्याचे ठरून गेले होते. या पिलाचे नाव त्यांनी मार्टिना ठेवले.

जन्मानंतरच्या अगदी थोड्या काळात जे हलते, बोलते, त्याचा ठसा अशा पिलाच्या मनावर उमटतो आणि तो सहसा पुसत नाही. हा विषय पुढे लोरेन्झ यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. १९७३ साली त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि निकोलास टिंबर्गेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पण मार्टिनेच्या पहिल्या रात्री पारितोषिकाचा विचार कोण करतो! बिछान्याजवळ विजेच्या उबेत ठेवलेले पिल्लू पुन्हा पुन्हा जागे होऊन आई कोठे आहे, असे आपल्या भाषेत विचारी, आणि लोरेन्झ झोपेतच हंसिणीसारखा आवाज काढून उत्तर देत. उत्तर मिळाले की ते निजे. न मिळाले, तर त्याचे रडणे सुरू. पिलाच्या दृष्टीने ते योग्यच होते. रानात आईपासून दुरावलेले पिल्लू जगत नाही; तेव्हा आई सापडेपर्यंत ओरडत राहणे, हा त्याला एकच मार्ग ठाऊक.

म्हणूनच सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर एकच पिल्लू आणणाऱ्यांनी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्याच्याजवळ कोण राहणार, हे आधी ठरवावे. पाळलेला हंस वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. दोन पिले एकत्र आणली तर ती एकमेकांना उत्तर देतात आणि माणसाची बरीचशी सुटका होते. माणसांतच एकटा वाढलेला नर मोठेपणी पुष्कळदा माणसांवरच चाल करून येतो. मग तोच दोषी ठरतो.

बाकीची काळजी अवघड नाही. मात्र ती नेमाने घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब असावी आणि पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी उतरवावी. दिवा एका कोपऱ्यात असावा, म्हणजे उकडले तर पिलाला दूर सरकता येते. तळाशी वर्तमानपत्र पसरू नये (वर्तमानपत्रातच असे लिहिणे बरे दिसत नाही, पण इलाज नाही). गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि अधू होतात. गोणपाट उत्तम. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे, पण पिल्लू आत उतरून बसेल इतके मोठे नको. आईवाचून वाढणारे लहान पिल्लू पाण्यात फार वेळ राहिले तर भिजून गारठते. औषधफवारा न मारलेले कोवळे गवत बारीक चिरून द्यावे आणि सोबत थोडी वाळू ठेवावी. कोंबडीच्या पिलांचे खाद्य चालते, पण हंसाला नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. पाव मात्र देऊ नये. अन्न फार सकस झाले तर पंख बाहेरच्या बाजूस पिळवटतात, आणि लाडाकोडाच्या घरी हे व्हायला वेळ लागत नाही.

मार्टिना मोठी झाली तरी रात्री लोरेन्झ यांच्या खोलीतच निजे. आठवड्याची असताना ती प्रथम घरात चालत आली, तेव्हा बिचकून जिन्याऐवजी समोरच्या खिडकीच्या उजेडाकडे धावली होती. तेव्हापासून आधी खिडकी आणि मग जिना, हा तिचा रोजचा परिपाठ झाला. सुमारे वर्षाची असताना एका संध्याकाळी लोरेन्झ तिला आत घेण्यास विसरले. अंधार पडल्यावर दार उघडताच ती घाईने आत शिरली आणि थेट जिना चढू लागली. पाचव्या पायरीवर ती एकाएकी थांबली, मान ताठ करून भयाने ओरडली, पाचही पायऱ्या उतरून खिडकीपर्यंत धावत गेली आणि परत आली. पुन्हा पाचव्या पायरीवर पोहोचल्यावर तिने इकडेतिकडे पाहिले, अंग झाडले आणि नमस्काराचा आवाज केला.