ऊसतोडीचा करार आणि रियाधची परिषद

(बीड येथे तरुणांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला जड आहे. देशांचे दोन प्रादेशिक गट एकमेकांशी आर्थिक आणि राजकीय सहकार्य कसं करतात? बीडमध्ये बसून याचं आपण काय करायचं, असं काहींना वाटेल. पण कुणाच्या घरातलं माणूस आखातात कामाला आहे आणि कुणाच्या शेतात सोयाबीन आहे, असं विचारलं, तर इथले बरेच हात वर होतील. मी ज्या दोन गटांबद्दल बोलणार आहे, त्यांच्याशी हे दोन्ही प्रश्न जोडलेले आहेत.

पहिला गट आसियान. ८ ऑगस्ट १९६७ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी बँकॉकमध्ये तो स्थापन केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर आला आणि सदस्य ११ झाले. दुसरा गट आखाती सहकार्य परिषद, म्हणजे जीसीसी. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन हे सहा देश २५ मे १९८१ रोजी अबुधाबीत एकत्र आले. मुख्यालय रियाधला.

एकाकडे तेल, वायू आणि गुंतवायला पैसा. दुसऱ्याकडे कारखाने, अन्नधान्य, पाम तेल, मनुष्यबळ आणि ६५ कोटींहून मोठी बाजारपेठ. २००९ मध्ये मनामाला दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री पहिल्यांदा एकत्र भेटले. पहिली शिखर परिषद व्हायला २० ऑक्टोबर २०२३ उजाडला. ती रियाधला झाली आणि तिथे २०२४ ते २०२८ या काळासाठी सहकार्याचा आराखडा मंजूर झाला. दुसरी परिषद २७ मे २०२५ ला क्वालालंपूरमध्ये झाली. त्याच दिवशी चीनला सोबत घेऊन तिघांचीही बैठक झाली.

रियाधची परिषद झाली तेव्हा गाझातलं युद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. आसियानमधल्या सिंगापूरचे इस्रायलशी जुने संबंध आहेत. इंडोनेशिया आणि मलेशियाचे राजनैतिक संबंधच नाहीत. तरीही गाझाबद्दल दोन्ही गटांचं एक संयुक्त निवेदन निघालं. अशी वाक्यं एका रात्रीत तयार होत नाहीत. त्यामागे अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या बैठका असतात.

आपल्याकडे चहाच्या टपरीवर याचं एक सोपं उत्तर मिळतं: "तिकडेही मुसलमान, इकडेही मुसलमान, म्हणून जमलं." हे खरं नाही. थायलंड, व्हिएतनाम, फिलिपिन्स हे मुस्लिमबहुल देश नाहीत, तरी ते या मेजावर आहेत. उलट जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती आणि बहरीन यांनी आपल्याच गटातल्या कतारची नाकेबंदी केली. ती जानेवारी २०२१ पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षं चालली. मजहब एक, भाषा एक, नातीगोती एक, तरी विमानं बंद, सरहद्द बंद. पण त्या सगळ्या काळात डॉल्फिन पाइपलाइनमधून कतारचा वायू अमिरातीला जात राहिला, कारण त्या वायूचा लेखी करार होता आणि त्यात दोघांचा फायदा होता.

आसियानची गोष्टही अशीच. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. तो मिटल्यावर दुसऱ्याच वर्षी दोघे एका गटात बसले.

आता आपल्या शेताकडे या. भारत आणि आसियान यांचा वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. आसियानच्या पाम तेलावर भारताने जास्तीत जास्त किती आयात शुल्क लावायचं, याची मर्यादा त्यात ठरली. कच्च्या तेलावर ती टप्प्याटप्प्याने ३७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध केलेल्या तेलावर ४५ टक्क्यांवर आली. त्या मर्यादेच्या आत शुल्क वरखाली करणं सरकारच्या हातात राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं की गिरणीवाला आपल्या सोयाबीनला कमी भाव देतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण मराठवाड्यातल्या बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी भावात माल विकावा लागला. तेलाचा डबा विकत घेणाऱ्याला मात्र तेच शुल्क कमी हवं असतं. त्याचंही खोटं नाही. पण अशी ओढाताण असते तेव्हा जो संघटित असतो, त्याचंच आधी ऐकलं जातं.

हे मालाचं झालं. माणसाचं काय? मालाचे करार कलमावार असतात, टक्क्यांत असतात, दशांश चिन्हासकट असतात. कामगाराचा विषय आला की भाषा "प्रयत्न करू", "चर्चा करू" अशी होते. आखाती देश आणि कामगार पाठवणारे आशियाई देश २००८ पासून अबुधाबी संवाद नावाच्या मंचावर भेटतात. भारतही त्यात आहे. पण तिथले निर्णय कुणावर बंधनकारक नाहीत. आसियानने २०१७ मध्ये मनिलात स्थलांतरित कामगारांच्या हक्कांवर सहमती केली, तीही बंधनकारक नाही.

तरी जोर लावला तर काय होतं, हे फिलिपिन्सने दाखवलं. २०१८ च्या फेब्रुवारीत, कुवेतमध्ये आपल्या एका घरकामगार महिलेचा खून झाल्याचं उघड झाल्यावर, त्या देशाने तिकडे कामगार पाठवणं थांबवलं. मे महिन्यात करार झाला. मालकाने पासपोर्ट काढून घ्यायचा नाही, आठवड्याची सुट्टी द्यायची, हे त्यात लेखी आलं.

आपल्या दक्षिण आशियाचाही गट आहे, सार्क. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यात तो स्थापन झाला. त्याची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर एकही नाही. आखातात राबणाऱ्यांमध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंकेची माणसं लाखोंनी आहेत. पण त्यांच्या वतीने एकत्र बोलणारं कुणी नाही. एकाने मजुरी वाढवून मागितली की दुसऱ्या देशातून स्वस्त माणूस येतो.

बीडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. दरवर्षी कोयते घेऊन लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. एकट्या जोडप्याच्या म्हणण्याला कारखान्यापुढे किंमत नसते. कोयता बंद झाला की साखर संघ चर्चेला बसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनांनी एकत्र बसून मागितली म्हणून. पण त्याच मजुराची मुकादमाकडची उचल बहुतेक वेळा तोंडी असते आणि तो अडकतो तिथेच.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. दोन सिस्टिम एकमेकांशी बोलायच्या असतील तर आधी काय पाठवायचं, कोणत्या स्वरूपात पाठवायचं आणि चुकलं तर काय करायचं, हे लिहून ठरवावं लागतं. नुसत्या चांगल्या संबंधांवर डेटा जात नाही. देशांचंही तसंच आहे.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. आखातात जायचं असेल तर नोंदणीकृत एजंटकडूनच जा. त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या ईसीआर पासपोर्टवर जाताना प्रवासी भारतीय विमा योजना लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं.

दुसरं, शिकणाऱ्यांनी फक्त इंजिनिअरिंग आणि मेडिकलकडेच बघू नका. व्यापार कायदा, अर्थशास्त्र, कामगार कायदा शिकणारी मुलं-मुली आपल्यातून निघाली, तरच करार लिहिणाऱ्यांच्या मेजावर आपलं कुणी असेल.

तिसरं काम या आठवड्यात सुरू होऊ शकतं. आपापल्या मोहल्ल्यात एक वही करा. कोण कुठल्या देशात गेलं, कोणत्या एजंटकडून, किती पैसे देऊन, कराराची प्रत घरी आहे का, हे घरच्यांना विचारून लिहा. ती वही घरच्यांच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवू नका. उद्या एखाद्याचा पगार अडकला, तर दूतावासाला अर्ज करताना पहिल्यांदा हीच माहिती लागते. भाषणानंतर मी इथेच थांबणार आहे. वहीत कोणते रकाने हवेत, ते आपण बसून ठरवू.